लाल चौकट

बाबांचा फोन नेमका माझे दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये असताना यायचा. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा आमच्या लॅबमध्ये पाठवतात, त्यात मी प्लॅस्टर ओतते, आणि एकदा ओतायला घेतलं की ते कुणासाठी थांबत नाही. मग कोपराने फोनचं बटण दाबायचं आणि मान वाकडी करून ओरडायचं, "आता काय झालं?"

"ठकू, लाल चौकट आली."

माझी पन्नाशी उलटली, तरी बाबांसाठी मी ठकूच.

"काय लिहिलंय तिच्यात?"

"कॉम्प्युटर धोक्यात आहे म्हणतंय. सगळं बंद करू का?"

"काही करू नका. कशावरही दाबू नका. कोपऱ्यातल्या फुलीवर दाबा."

"कशावरही दाबू नको, की फुलीवर दाबू?"

इथे माझं डोकं सटकायचं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायची, बाबा प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणत पार पाडायचे, चौकट जायची. मग बाबा सहज विचारल्यासारखं विचारायचे, "जेवलीस का?" आणि मी "हो" म्हणेपर्यंत "बरं, ठेवू?" म्हणून ठेवूनही द्यायचे. इकडे प्लॅस्टर वाटीतच घट्ट झालेलं असायचं.

काम असेल तरच फोन, हा आमच्या घरचा कायदा. बाबांनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. परगावचा फोन तेव्हा एक्स्चेंजकडे मागावा लागायचा. बाबा वायर भोकात खुपसून दोन माणसांना जोडून द्यायचे, आणि ठरलेली मिनिटं भरली की मध्ये शिरून विचारायचे, "वेळ संपली. वाढवायची का?" आपण उगाच बोलत बसलो तर कुणाच्या तरी घरचा महत्त्वाचा निरोप अडकून पडतो, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. मी लग्न होऊन दुसऱ्या शहरात आले, तेव्हापासून फोन उचलला की त्यांचं एकच वाक्य असायचं, "थांब, आईला देतो."

मग आई आणि मी. आम्हाला वेळेचं भान नसायचं. तासाभराने मागून बाबांचा एक्स्चेंजमधला आवाज यायचा, नाकातला, सरकारी. "वेळ संपली. वाढवायची का?" आई हसत सुटायची. "वाढवा, वाढवा!"

आई गेली. दिवस झाल्यावर मी माझ्या घरी परतले आणि पोचल्याचं कळवायला फोन केला. बाबांनी उचलला. "थांब, आईला..." एवढं म्हणाले आणि थांबले. "ठेवतो," ते म्हणाले. त्यानंतर कित्येक महिने त्यांनी आपण होऊन फोन केला नाही. पुढे मी माझा जुना कॉम्प्युटर त्यांना नेऊन दिला, वर्तमानपत्रं वाचायला, फोटो बघायला. तेव्हापासून फोन यायला लागले, आणि आले ते सगळे लाल चौकटीचे.

आता ती लाल चौकट दाखवणाऱ्या अँटीव्हायरसची मुदत संपत आली होती आणि चौकटी दिवसाला दोन-दोन यायला लागल्या होत्या. पुन्हा घ्यायचा की नाही? आमच्या लॅबची मशीन बघायला एक इंजिनियर बाई येतात, त्यांना विचारलं.

"घरचाच वापर ना? मग सिस्टिममध्ये जो अँटीव्हायरस आधीपासून असतो तो पुरतो," त्या म्हणाल्या. "तो चालू हवा, अपडेट वेळच्या वेळी व्हायला हवेत, फोटोंची एक प्रत बाहेर ठेवा. आणि माणसाने दिसेल त्यावर दाबता कामा नये."

"आमचा माणूस कशावरच दाबत नाही. मला फोन करतो."

"मग तर काही प्रश्नच नाही!"

सुट्टीच्या दिवशी सकाळीच बाबांकडे पोचले. खिडकीजवळ टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर आईने विणलेला रुमाल. बाबांनी रुमालाची व्यवस्थित घडी केली, बटण दाबलं आणि चहा करायला गेले. चहा झाला, पिऊन झाला, कपही विसळून झाले, तेव्हा कुठे पडदा उजळला. मी आत बघते तर काय, एक सोडून दोन अँटीव्हायरस.

"बाबा, हा दुसरा कुठून आला?"

"मीच घेतला." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "एक्स्चेंजमध्ये एकट्याची पाळी कधी लावत नसत. एकाचा डोळा लागला तर जागं राहायला दुसरा हवा."

मी तपासत गेले आणि मला हसू आवरेना. पहिला दुसऱ्याला चोर समजत होता, दुसरा पहिल्याला. निम्म्याअधिक लाल चौकटी दोघांनी एकमेकांविरुद्ध केलेल्या तक्रारींच्या होत्या.

"दारावर दोन पहारेकरी ठेवलेत तुम्ही, आणि ते दिवसभर एकमेकांचीच गचांडी धरून बसलेत. कॉम्प्युटर चालणार कसा?"

बाबांना ते लागलं. मी जरा नरमाईने घेतलं आणि आतल्या अँटीव्हायरसचं सगळं समजावून सांगितलं. ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि नवीन माणूस कामावर घ्यावा तशी त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"हा कधी झोपतो?"

"नाही झोपत."

"नवे व्हायरस आले तर त्याला कळवतं कोण?"

"अपडेटमधून आपोआप कळतं."

"आणि काही सापडलं तर? आपल्याला सांगतो?"

"मोठं काही असेल तर सांगतो. तुमच्या या दोघांसारखा ऊठसूट आरडाओरडा करत नाही. गुपचूप निस्तरतो."

"गुपचूप," बाबा म्हणाले. मग पडद्याकडे बघत, "या दोघांतला एखादा राहू दिला तर?"

"कशाला? काही गरज नाही."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "गरज नसेल तर काढ."

मी दोन्ही काढले. आतला चालू आहे ना ते पाहिलं, अपडेट लावले, फोटो एका वेगळ्या डिस्कवर उतरवले. पुन्हा बटण दाबलं तर बाबा चहाचं पातेलं हातात घेऊन वळायच्या आत पडदा उजळला. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं.

"छान झालं," बाबा म्हणाले, आणि रुमालाची घडी उलगडून तो कॉम्प्युटरवर पांघरला. चालू कॉम्प्युटरवर.

नंतरचा आठवडा मला सुखाचा गेला. प्लॅस्टर वाया गेलं नाही, मान अवघडली नाही. पुढच्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "हल्ली बाबांची लाल चौकट येत नाही वाटतं?" "बंदोबस्त केला तिचा," मी ऐटीत सांगितलं. पण त्या दिवसापासून माझे कान फोनकडे लागले. हात भरले की मी आपोआप मान वाकडी करून बघायची. फोन ढिम्म.

शेवटी मीच केला.

"बाबा, कॉम्प्युटर काही त्रास देतोय का?"

"छे. घोड्यासारखा पळतोय. तुझं काही काम होतं?"

"नाही. ते... अपडेट झालेत का, एवढंच विचारायचं होतं."

"झालेत. बरं, ठेवू?"

ठेवला. मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले, आणि मला रडू यायला लागलं. मी काय काढून टाकून आले होते ते मला आत्ता कळलं. आधी त्यांचाच राग आला. पोटच्या मुलीला फोन करायला यांना निमित्त लागतं? मग आठवलं, अपडेटचं निमित्त काढून फोन मीसुद्धा केला होता. बापाचीच लेक मी. आई होती तोवर आम्हा दोघांना एकमेकांशी बोलायला शिकावंच लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्लॅस्टरला हात लावला नाही. लॅबच्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि फोन लावला.

"बाबा, माझ्या कॉम्प्युटरवर लाल चौकट आलीय."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबांचा सूरच बदलला. "घाबरू नकोस. कशावरही दाबू नकोस. काय लिहिलंय तिच्यात?"

एवढा पुढचा विचार मी केलेला नव्हता. "लिहिलंय... धोका आहे."

"कसला?"

"ते काही लिहिलेलं नाही."

"असं कसं? बरं, आतला पहारेकरी चालू आहे तुझा?"

"आहे."

"अपडेट?"

"झालेत."

"दुसरा कुणी ठेवलेला नाहीस ना माझ्यासारखा?"

"नाही."

"मग चौकट आली कुठून, ठकू?"

पकडली गेले. समोर स्वच्छ, निळा पडदा होता.

"नाही आली, बाबा. खोटं बोलले मी. मला नुसतंच बोलायचं होतं. तुमचा फोन येत नाही, मला करमत नाही."

आता "ठेवू?" म्हणणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"थांब," बाबा म्हणाले. त्यापुढचे शब्द मला पाठ होते. पण ते आले नाहीत. खुर्ची पुन्हा सरकली, टेबलावर चष्मा ठेवल्याचा आवाज आला. "हं. बसलो नीट. बोल."

मला एकदम एक पेशंट बाई आठवल्या, नव्या कवळीत आपण हुबेहूब सासूसारख्या हसतो म्हणून कवळी परत पाठवलेल्या. बाबा खो खो हसले. मग त्यांनी सांगितलं, आईच्या हाताची चव काही केल्या त्यांच्या चहाला येत नाही, म्हणून ते रोज पत्ती बदलून बघतात. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मी आई काय करायची ते सांगितलं, दूध कधी घालायची, किती उकळायची. ते मोठ्याने म्हणत राहिले, फुलीवर दाबताना म्हणायचे तसे. एकाचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्याला काहीतरी आठवत होतं.

मध्येच त्यांनी घसा खाकरला. आवाज नाकातून आला, सरकारी.

"वेळ संपली. वाढवायची का?"

आईचा शब्द माझ्या तोंडून निघायला जरा वेळ लागला.

"वाढवा," मी म्हणाले. "वाढवा, बाबा."