टायरचे पाच गुण

पैसेवाल्यांच्या गाड्या तपासून देणं हा माझा धंदा. जगात मोजून चाळीस बनलेल्या गाड्या हे लोक हौसेनं घेतात आणि चादर घालून उभ्या ठेवतात. पूर्वी मला हसू यायचं, आता येत नाही.

पाच वर्षांपूर्वी एका तरुणाला अशा दोन गाड्यांतून एक निवडायची होती. एक पांढरी, एक काळी. सरळ रस्त्यावर काळीचा हात कोणी धरला नसता, ताशी चारशेच्या पुढे जायची. वळणावर मात्र पांढरी जमीन सोडत नसे. मी शंभरपैकी गुण दिले. पांढरीला त्र्याण्णव, काळीला नव्वद. त्यानं पांढरी घेतली. आठ महिन्यांनी भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर, एका साध्या वळणावर ती घसरून बाहेर गेली आणि तो जागीच गेला. पोराला वेग आवरला नाही, असं सगळे म्हणाले. मीही मान डोलावली.

तेव्हापासून आरशात मागून पांढरी गाडी येताना दिसली, की ती पुढे जाईपर्यंत मी कडेला थांबतो. बायको विचारते तेव्हा डोकं दुखतंय म्हणतो.

गेल्या महिन्यात त्याच्या वडिलांचा फोन आला. "काळी मी घेतलीये. एकदा बघून जा."

गॅरेज दोन गाड्यांचं होतं. अर्धं रिकामं, फरशी लख्ख पुसलेली. त्या रिकाम्या जागेत गाडी उभी असावी तसा वळसा घालून वडील काळीपाशी गेले. मीही तसाच वळसा घातला.

मी खाली बसून टायरवरचे तारखेचे आकडे वाचू लागलो.

"आधी टायर?" त्यांनी विचारलं.

"हल्ली आधी तेच बघतो." वरातीमागून घोडं, दुसरं काय.

त्यांनी खिशातून माझा जुना अहवाल काढला. घड्यांवर विरलेला. "काळी कशात मागे पडली?"

आठवत नाही म्हणता आलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं, चार वर्षं मी याच प्रश्नाला भीत होतो.

"टायरमध्ये," मी म्हणालो. "तिच्या तेव्हाच्या मालकानं नवे बसवले होते. कारखान्यातले मूळचे नाहीत म्हणून पाचपैकी शून्य दिलं. पांढरीचे मूळचे होते, नव्यासारखे दिसायचे. तिला पूर्ण पाच."

"किती जुने होते?"

"अकरा वर्षांचे. गाडी नुसती उभी असली तरी रबर वाळतं, साहेब. मला माहीत होतं. हौसेची गाडी, कोण पळवतंय, असं धरून चाललो. तू पळवणार आहेस का, एवढंही त्याला विचारलं नाही."

ते ओरडले नाहीत. एक थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी पेन पुढे केलं. "दुरुस्त करा."

मी पांढरीचे पाच खोडून शून्य लिहिलं. खाली त्र्याण्णव खोडून अठ्ठ्याऐंशी.

त्यांनी कागद बराच वेळ वाचला. "म्हणजे त्यानं हीच घेतली असती."

"हो."

कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. काळीचं दार उघडलं आणि ते स्टिअरिंगच्या शेजारच्या सीटवर बसले. पट्टा लावला. मग चालकाच्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणाले, "चल. हळू घे."