भाव वाढला, माप नाही

वरवर पाहिलेत तर मी काळा पडलेला, कोपरे झिजलेला एक पत्र्याचा डबा आहे. पण मित्रांनो, फसू नका. मी ब्रेडचा साचा आहे आणि आमच्या गल्लीतल्या बेकरीत माझ्याइतका मान कुणालाच नाही, अगदी मालकीणबाईंनाही नाही. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर माझ्यासाठी एक खास खिळा ठोकलेला आहे. त्या खिळ्यापर्यंत मी कसा पोहोचलो, ते ऐका.

माझा पत्रा या देशातला नाही. दूरच्या एका देशात तो तापवून लाटला गेला आणि बोटीत बसून इथल्या बंदरावर उतरला. त्या वेळी दोन्ही देशांचे चांगले सूत जुळलेले होते. बाहेरून येणाऱ्या पत्र्यावर सरकार जो कर घेते, तो नावापुरताच होता. पत्रा स्वस्त, म्हणून साचे बनवणाऱ्या कारागिराने हात आखडला नाही. त्याने जाडजूड पत्रा कापला, कोपरे दुमडले, ठोकून ठोकून पक्के केले आणि मला व माझ्या भावंडांना बेकरीत पाठवून दिले. जाड पत्र्याचा गुण असा, की त्याला आच सगळीकडून सारखी लागते आणि ब्रेड खालून करपत नाही. दोन देशांची मैत्री माझ्या अंगात उतरली होती म्हणा ना.

कणीक मळणाऱ्या कारागिराला सगळे पैलवान म्हणत, कारण तो काडीसारखा बारीक होता. तो गोळे तराजूवर तोलत नसे. हाताच्या एका फटक्यात गोळा तोडायचा आणि माझ्यात टाकायचा. गोळा फुगून बरोबर माझ्या काठाला टेकायचा. ना कमी, ना जास्त. समोर शिवणकाम करणाऱ्या ताई राहत. त्यांची तीन पोरे माझ्यातल्या एका ब्रेडवर सकाळ-संध्याकाळ जेवत आणि कडेच्या तुकड्यासाठी रोज भांडत. ताईंचा सगळा संसार त्या एका ब्रेडच्या मापावर बेतलेला होता.

अशी कितीतरी वर्षे सुखात गेली. मग दूरवर दुसऱ्याच दोन देशांचे भांडण पेटले. दोघेही गहू पिकवणारे होते. त्यांच्या बंदरांत गव्हाच्या बोटी अडकून पडल्या. तिसऱ्या एका देशाकडे गहू होता, पण त्याने सांगितले, आधी आमच्या माणसांचे पोट भरू द्या, आणि गहू बाहेर पाठवणेच बंद केले. उरलेल्या बोटी धोक्याची वाट टाळून लांबच्या वळशाने येऊ लागल्या. वळसा लांब म्हणजे इंधन जास्त, आणि इंधन जास्त म्हणजे भाडे जास्त. मित्रांनो, तोफ हजारो मैलांवर उडाली, आमच्या गल्लीत तिचा आवाजसुद्धा आला नाही, पण तिचा धक्का पिठाच्या पोत्यात बसून थेट आमच्या दारात उतरला.

पोती उतरवणाऱ्या गाडीवाल्याकडे मालकीणबाईंनी डोळे वटारून पाहिले, तेव्हा तो बिचारा घाम पुसत म्हणाला, "बाई, भांडतात ते दोन देश, वळसा घालतात बोटी, आणि शिव्या खातो मी. मला निदान पाणी तरी द्या."

बाईंनी पाणी दिले, पण रात्रंदिवस त्यांना एकच घोर लागला. जुन्या भावात ब्रेड विकला तर बेकरी बुडणार, आणि भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटणार. तेव्हा त्यांचे धाकटे दीर, म्हणजे आमचे धाकटे मालक, पुढे आले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरलेला होता. तो म्हणाला, "वहिनी, भाव वाढला की लोक बघतात. ब्रेड बोटभर कमी झाला तर कोण बघतंय? नाक्यावरचा बेकरीवाला तेच करतोय."

बाईंनी नुसती होकारार्थी मान हलवली.

त्या एका मान हलवण्याने आमचे भवितव्य ठरले. लहान साचे करायला टाकले गेले. ते येताच आम्हा जुन्यांना गोणीत कोंबून मागच्या दाराशी ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी भंगारवाला येणार होता. गोणीच्या एका भोकातून मला भट्टी दिसत होती. तिची ऊब यापुढे आपल्याला मिळणार नाही, या विचाराने माझे कोपरे गार पडले.

नवे साचे चकचकीत होते, पण कागदासारखे पातळ. त्यालाही कारण होते. मधल्या काळात सरकारने बाहेरच्या पत्र्यावरचा कर बराच वाढवला होता. देशातल्या पत्र्याच्या कारखान्यांना उभे राहता यावे म्हणून. त्यात गैर काही नाही; त्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनाही पोट आहे. पण पत्रा महागला तो महागलाच, आणि कारागिराने या वेळी हात आखडला. दाबले की ते साचे टक् टक् वाजत.

पहाटे पैलवानाने कामाला सुरुवात केली. धाकटे मालक नव्या साच्यांची चकाकी पाहण्यात दंग होते. पैलवानाचा हात नेहमीसारखा चालू लागला. फटका, गोळा, साचा. फटका, गोळा, साचा. साचे लहान झाले होते, पण गोळे मात्र जुन्याच मापाचे पडत होते. हे कुणाच्या लक्षातच आले नाही. पैलवानाच्याही नाही.

मग भट्टीत काय झाले असेल ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. गोळे फुगले, काठ ओलांडून बाहेर आले, शेजाऱ्याच्या गळ्यात गळा घालून बसले. दार उघडले तेव्हा आत वेगवेगळे ब्रेड नव्हतेच. टेंगळे आलेली एक भलीमोठी गादी होती, वरून कच्ची आणि खालून कोळसा. ओढून काढताना नवे साचे पार वेडेवाकडे झाले.

धाकट्या मालकांनी कपाळावर हात मारला. पैलवान मान खाली घालून म्हणाला, "धाकटे मालक, डोक्याने सगळं ऐकलं होतं. हातांना सांगायचं राहून गेलं."

आणि मालकीणबाई हसल्या. कित्येक दिवसांनी हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसू ओसरल्यावर त्यांनी खिडकीकडे पाहिले. बाहेर ताई पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे रोजची माणसे होती. बाई उठल्या, मागच्या दाराशी आल्या आणि त्यांनी स्वतः आमच्या गोणीची गाठ सोडली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "पैलवानाच्या हातांना खोटं माप जमत नाही. मी ते जमवायला निघाले होते. आता भाव वाढवू, पण सांगून वाढवू. आणि पीठ उतरलं की सांगून उतरवू."

"उतरवू? वहिनी, एकदा चढलेला भाव कुणी उतरवलेला पाहिलाय का तुम्ही?"

"नाही. तेवढ्यासाठी तरी बघू या."

त्याच सकाळी खिळा ठोकला गेला आणि मी त्याच्यावर चढलो. शेजारी फळा लागला. त्यावर बाईंनी खडूने लिहिले: ब्रेड याच साच्याचा. गहू महागला म्हणून भाव वाढला. गहू उतरला की भाव उतरेल. ज्याला शंका असेल, त्याने साचा काढून घ्यावा आणि ब्रेड आत ठेवून पाहावा.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. लोक फळा वाचत, नाक मुरडत आणि नाक्याकडे वळत. ताईही गेल्या. पण एका संध्याकाळी त्या नाक्यावरचा ब्रेड घेऊन परत आल्या. पोरे उपाशी उठतात, म्हणाल्या. त्यांनी मला खिळ्यावरून उतरवले आणि तो ब्रेड माझ्यात ठेवला. बापाचे बूट घातलेल्या पोरासारखा तो माझ्यात इकडून तिकडे खुळखुळला. ताईंनी मला दोनदा हलवून दाखवले. चार माणसे जमली, मग दहा. कुणीतरी हसले आणि सगळी गल्ली हसू लागली. दुसऱ्या दिवशी आमच्या दारातली रांग पार ताईंच्या दरवाज्यापर्यंत गेली होती.

तरी खरी परीक्षा पुढेच होती. काही महिन्यांनी भांडणाऱ्या देशांनी निदान गव्हाच्या बोटी तरी सोडायचे ठरवले. एका सकाळी गाडीवाला भोंगा वाजवत आला. पिठाचा भाव उतरला होता. या वेळी त्याला न मागता पाणी मिळाले. बाईंनी खडू हातात घेतला आणि क्षणभर त्या थांबल्या. बेकरी नुकतीच सावरली होती. रांग तर होतीच, जुन्या भावाने कुणी मागितलेही नव्हते. महिनाभर गप्प राहिले असते तर कुणाला कळले असते?

तेवढ्यात धाकटे मालक पुढे झाले. त्यांनी वहिनींच्या हातातला खडू घेतला, बाहीने फळ्यावरचा भाव पुसला आणि ठळक अक्षरांत जुना भाव लिहिला.

"बघायचं होतं ना," ते म्हणाले, "घ्या, बघा."

रांगेतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. पैलवानाने पीठ लागलेल्या हातांनीच वाजवल्या, त्यामुळे सगळे पांढरेफटक झाले. पुढच्याच आठवड्यात नाक्यावरचा बेकरीवाला आला. ओशाळून म्हणाला, साचा दोन दिवस द्या, आमचे या मापाने करून घेतो. मी ऐटीत गेलो आणि ऐटीत परतलो. आज या गल्लीतला प्रत्येक ब्रेड माझ्या मापाचा आहे.

मित्रांनो, तुम्ही दुकानात जाल तेव्हा भावाबरोबर मापही पाहा. आणि एखादी वस्तू महागली तर ती कुठून, कोणत्या वाटेने आली, हे नक्की विचारा. माझ्यासारख्या जुन्या साच्यांना घासून खरवडू नका. तेलाचा एक हात फिरवला की आम्ही तुमच्या नातवंडांनाही पुरू.

आजही रोज कुणीतरी मला खिळ्यावरून उतरवते आणि गरम ब्रेड माझ्यात ठेवते. बहुतेक ताईंचे धाकटे पोरच. ते मला कानाशी धरून जोरजोरात हलवते. ब्रेड अंगाला अंग लावून बसलेला असतो. कसलाच आवाज येत नाही. इतक्या वर्षांत मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी आहे.