पंचफुलाबाईच्या दंडावरचा शिंपला

दोन हजार आठ साली कापसाले भाव नव्हता, भाव होता फक्त दाखल्याले. पंचफुलाबाईले वयाचा दाखला पाह्यजे होता. पासष्ट भरल्याबिगर निराधाराची पेन्शन नाही, अन् मतदार कार्डावर ती पन्नासची. म्हंजे थोरल्या पोरापेक्षा दोनच वर्षांनी मोठी!

अशात गावात आवई उठली, यवतमाळच्या कॉलेजातून वय काढणारे सर आले, पंजाबरावच्या विहिरीत उतरून बसले.

बाई पोचली तर कपिल सर खाली उकिडवे बसून, दात घासायच्या ब्रशानं दगडातला शिंपला घासून राह्यले होते.

"सर, माहं वय काढा."

"आजी, मी थरांचं वय काढतो. हा शिंपला एका ठरावीक काळातच जगला. म्हणून तो ज्या थरात सापडला, तो थरही त्याच काळातला. तेव्हा इथं समुद्रकिनारा असावा."

"समुद्र?" पंजाबराव वरून ओरडला. "मंग पानी कुठी गेलं? साठ फूट खनलं, माठ भरून नाही राह्यला!"

पंचफुलाबाईले समुद्राशी घेणंदेणं नव्हतं. तिनं बाही वर सारली. दंडावर हिरवा मारुती गोंदलेला.

"हा माहा शिंपला! छप्पनले आमी दीक्षा घेतली, देव सोडले. त्याच्यानंतर मारुती कोन गोंदीन? हा त्याच्या आंधीचा. लग्नाच्या वर्साले गोंदला, तवा मी पंधराची. लावा हिसाब!"

सरांनी भिंगातून मारुती पाह्यला अन् टाळीच वाजवली. खुशीत येऊन जवळच्या, थरांसाठी छापलेल्या फॉर्मावर अहवाल लिहून देला.

कचेरीत खेमसिंग बाबूनं तो वाचला. "नमुना, मारुती. थर, उजवा दंड. वय, पासष्टच्या वर. बराबर हाय मावशी. पन खाली छापलं हाय, 'संभाव्य चूक वीस लाख वर्षं, कमी किंवा जास्त.' जास्त झाली तं चालते. कमी झाली तं?"

"तं काय?"

"तं तुमी अजून जन्मल्याच नाही! न जन्मलेल्या बाईले पेन्शन कशी देऊ?"

"नोको देऊ. हेच कागदावर लिहून दे, खाली तुही सही कर. मी कलेक्टरले दाखवतो."

सहीचं नाव काढताच बाबूनं इकडं-तिकडं पाह्यलं. त्यानं गुपचूप 'कमी किंवा' एवढंच खोडलं अन् पेन्शन मंजूर केली.

"मावशी, दरसाली हयातीचा दाखला आनत जा मात्र."

"कायले?" पंचफुलाबाई उठली. "वीस लाख वर्सं जगली मी. एवढ्यात मरतो का?"