हँडब्रेकबाईंचे ब्याण्णव घोडे

आमच्या घरी रविवारी सकाळी चहाच्या आधी घोडे मोजतात. नवख्या माणसाला वाटावं, यांचा तबेला आहे. आहे एक साधं अंगण, त्याच्या टोकाला पत्र्याची शेड, आणि शेडसमोर आपापल्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभी असलेली मोठमोठी माणसं. इंजिनाची ताकद अश्वशक्तीत मोजतात, म्हणून ते घोडे म्हणतात. माझ्या गाडीत इतके, तुझ्या गाडीत तितके. चहा निवतो, बिस्किटं मऊ पडतात, पण कोणाचा एक घोडा कमी होत नाही.

सगळ्यात जास्त आवाज माझ्या धाकट्या दिरांचा. भावजी विम्याच्या कंपनीत आहेत, त्यामुळे न घडलेल्या गोष्टी पटवून सांगायची त्यांना सवयच आहे. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा माहितीपत्रकात एकशे साठ घोडे होते. मग कोणाकडून तरी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बदल करून घेतला आणि एकशे ऐंशी झाले. मग जाड तोंडाचा सायलेन्सर बसवला. तेव्हापासून ते दोनशे सांगतात. मधल्या काळात शिंगरं झाली असावीत, असं माझं मत.

दुसरे शेजारचे दातांचे डॉक्टर. त्यांची डिझेलची गाडी आहे. घोड्यांत ते मागे पडतात, म्हणून त्यांनी वेगळाच सूर धरलाय. "घोडे घेऊन काय करायचंय? टॉर्क बघा, टॉर्क. चाक फिरवायला जोर किती मिळतोय ते बघा." अक्कलदाढ उपटणाऱ्या माणसाने जोराबद्दल बोललेलं ऐकून घ्यावंच लागतं. त्यांना आम्ही टॉर्कशेठ म्हणतो.

आणि तिसरी मी. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून पायाखालचा जादा ब्रेक सांभाळायचा आणि एकच वाक्य म्हणत राहायचं, "हँडब्रेक काढा." एकदा भावजी माझ्या मागच्या सीटवर बसून बाजारात आले आणि ते वाक्य त्यांच्या कानात गेलं ते गेलंच. तेव्हापासून माझं नाव हँडब्रेकबाई. अंगणात मी गाडी सुरू केली रे केली की भावजींचा प्रश्न ठरलेला, "वहिनी, हँडब्रेक काढला का?" सगळे हसतात. माझा नवराही हसतो, नंतर स्वयंपाकघरात येऊन माफी मागतो. इतकी वर्षं तोच विनोद ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जायची.

माझी गाडीही तशीच, चेष्टेला सोपी. ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी, चौकोनी तोंडाची, मागच्या चाकांवर चालणारी. अख्ख्या गावाने तिच्यावर क्लच शिकला. मालक भंगारात देणार होते, मी मागून घेतली. मग वर्षभर शेडमध्ये तिचं इंजिन उघडून बसले. सिलिंडर नव्याने घासून आणले, मोठे पिस्टन बसवले, हवा आत येण्याच्या वाटा हाताने गुळगुळीत केल्या. नवरा टॉर्च धरायचा आणि नटबोल्ट सोडून बाकी सगळीकडे उजेड पाडायचा. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी शेडच्या जमिनीवर फतकल मारून रडले होते. आनंदाने. ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

भावजींची नवी गाडी मात्र उन्हात उभी. छताचा रंग तापतो, सीट फाटतील, अशी त्यांची तक्रार. शेवटी एका रविवारी ते बोललेच.

"आई, शेडमध्ये भंगार आणि उन्हात सोनं, हा काय न्याय आहे?"

सासूबाई पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. घर त्यांचं, शेडही त्यांचीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेडमध्ये माझी अवजारं होती, इंजिन टांगायची साखळी होती, टेबल होतं. दिवसभर मी दुसऱ्याच्या चुकांवर पाय रोखून बसते. स्वतःच्या हाताने काही उघडावं आणि पुन्हा जोडावं अशी माझी तेवढी एकच जागा. ती गेली की सगळंच गेलं.

"भंगार कोणाला म्हणता भावजी?" मी म्हणाले. "तुमचे दोनशे म्हणजे नुसते कागदी घोडे. नाचवा खुशाल."

"असं? तुमचे किती आहेत, सांगा तरी."

माझा हिशेब नव्वदचा होता. नव्वद म्हणाले असते तर सुखाने झोपले असते. पण रागात तोंडातून निघून गेलं, "ब्याण्णव. आणि तेही चाकावर. इंजिनातून निघतात आणि वाटेत गिअरबॉक्समध्ये चरायला थांबतात, ते मी धरत नाही."

टॉर्कशेठनी शिट्टी वाजवली. भावजींनी लगेच खिशातून फोन काढला. शहराबाहेरच्या एका गॅरेजात गाडीचे घोडे मोजायचा रोलर आला होता, पुढच्याच शनिवारची वेळ मिळाली. पैज ठरली, ज्याने स्वतः बोललेला आकडा चाकावर खरा करून दाखवला, त्याची शेड.

"दोघांचाही खरा निघाला तर?" नवऱ्याने विचारलं. त्याचं कायम दोन्ही डगरींवर हात.

"तर दोघं वाटून घ्या, एक दिवसाआड," सासूबाई म्हणाल्या. "आणि दोघंही खोटे निघालात तर शेड माझी. दोन्ही गाड्या उन्हात आणि आत माझी कपड्यांची दोरी." त्यांनी खडू मागवून शेडच्या दारावर स्वतः लिहिलं. धाकटा दोनशे, सून ब्याण्णव. त्या ज्या उत्साहाने दोरीची लांबी विचारत होत्या, त्यावरून त्यांचा आमच्यापैकी कोणावरच विश्वास नव्हता हे स्पष्ट होतं.

आठवडाभर मी गाडीची खूप सेवा केली. तेल बदललं, प्लग बदलले, कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा लावला. शुक्रवारी संध्याकाळी हात थांबेनात म्हणून जे काही सैल दिसेल ते घट्ट केलं. नीट झोप लागली नाही. सकाळी गॅरेजकडे जाताना गाडी जरा जड वाटत होती, पण मला वाटलं, माझंच मन जड आहे.

रोलर म्हणजे जमिनीत बसवलेले दोन जाड लोखंडी पिंप. गाडीची चाकं त्यावर चढवायची, गाडी पट्ट्यांनी चारी बाजूंनी बांधायची आणि ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबायचा. गाडी जागची हलत नाही, पिंप फिरतात, आणि चाकापर्यंत किती घोडे पोचले ते समोरच्या पडद्यावर उमटतं. प्रत्येकाला दोन संधी. रोलर चालवणारा माणूस कानावर जाड हेडफोन घालून बसला होता. दिवसभर गाडीवाल्यांच्या गप्पा ऐकाव्या लागू नयेत म्हणूनच घालत असेल.

भावजींची गाडी आधी चढली. तिचा आवाज मात्र छान होता, छातीत घुमत होता. पडद्यावर आकडा उमटला, एकशे एकावन्न.

"इंजिन गार आहे," भावजी म्हणाले.

दुसऱ्यांदा एकशे त्रेपन्न.

"इथलं पेट्रोल बेकार आहे. शिवाय हवा गरम आहे. टायरमध्ये हवासुद्धा कमी भरली होती त्याने." भावजी एकेक कारण रोलरवाल्याला सांगत होते आणि तो हेडफोनच्या आतून मान हलवत होता.

मी गप्प बसायला हवं होतं. पण इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. "सत्तेचाळीस घोडे तबेल्यातून पळाले हो भावजी. वाटेत कुणी पाहिले का विचारून येऊ?" टॉर्कशेठ इतके हसले की त्यांना गाडीला धरावं लागलं. भावजींचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अगदी गार वाटलं.

मग माझी गाडी चढवली. पट्टे आवळले. मी आत बसले, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, खरं तर त्याचं तिथे काहीच काम नव्हतं. पाय खाली दाबला. इंजिन वर चढू लागलं, आवाज अगदी हवा तसा, कुठे खोकला नाही, कुठे अडखळणं नाही. मी डोळे वर करून पडद्याकडे पाहिलं.

एकाहत्तर.

मी इंजिन बंद केलं. वर्षभराचं काम, शेड, साखळी, टेबल, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि त्या जागी सासूबाईंच्या चादरी वाळताना दिसल्या. एकवीस घोडे कमी. एक-दोन कमी असते तर कार्ब्युरेटरवर ढकललं असतं. एकवीस म्हणजे मला काही येत नाही, इतकाच अर्थ होता. खिडकीशी नवरा आला आणि त्याने नुसता खांद्यावर हात ठेवला. त्याने माझं रडू आणखीच वर आलं.

भावजींना मात्र एव्हाना कंठ फुटला होता. शेड त्यांना मिळणार नव्हती, पण मलाही मिळणार नव्हती. ते खुशीत येऊन लांबून ओरडले, "वहिनी, हँडब्रेक काढला का?"

सगळे हसले. मी चिडून उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

हँडब्रेक.

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लायसन्सच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हँडब्रेक घट्ट करायची पद्धत आहे. चढावर शिकाऊ माणूस गडबडतो, गाडी मागे घरंगळली की तो नापास. म्हणून मी मागच्या ब्रेकची तार इतकी आवळते की दांडा जरा उचलला की चाक जाम. शुक्रवारी संध्याकाळी मी जे काही सैल दिसेल ते घट्ट करत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीची परीक्षा होती आणि माझ्या हातांना फक्त परीक्षा एवढाच शब्द ऐकू आला होता. दांडा खाली होता, हँडब्रेक काढलेलाच होता. पण आत ब्रेकचे पट्टे चाकाला घासत होते. माझे घोडे ओढत होते आणि मीच त्यांचे लगाम मागून धरून ठेवले होते.

मी उतरून मागे धावले. चाकाजवळ हात नेला तर झळ लागली. जळका वास येत होता. पेट्रोलच्या वासात आणि माझ्या दुःखाच्या भरात तो मला जाणवला नव्हता.

"जॅक द्या," मी म्हणाले.

"वहिनी, मी चेष्टा करत होतो," भावजी म्हणाले.

"माहितीये मला. जॅक द्या."

गाडीखाली सरपटत गेले. मागचं चाक हाताने फिरवून पाहिलं, फिरेना. तार सैल केली, ब्रेकचे पट्टे मागे घेतले, पुन्हा फिरवलं. आता चाक बोटाच्या धक्क्याने फिरत राहिलं. दुसऱ्या बाजूला तेच केलं. ब्रेक निवेपर्यंत मी चाकाशेजारीच उकिडवी बसून राहिले. बाहेर कोणी चहा विचारला, मी ऐकलं नाही.

दुसरी आणि शेवटची संधी. मी आत बसले. हँडब्रेकचा दांडा खाली आहे ना, हाताने चाचपून पाहिलं. मग सवयीने तोंडातल्या तोंडात म्हणाले, "हँडब्रेक काढा." पाय दाबला.

या वेळी फरक मला सीटमधूनच कळला. गाडी पट्ट्यांवर पुढे झेपावली, पिंपांचा आवाज बदलला, सुई चढली आणि चढतच राहिली. अख्ख्या गावाचा क्लच सोसलेली माझी म्हातारी पोरीसारखी ओरडत होती. पडद्याकडे बघायची हिंमत होईना. मी नवऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एक बाजू घेतली होती, तो दोन्ही हात वर करून नाचत होता.

चौऱ्याण्णव पॉइंट दोन.

रोलरवाल्याने हेडफोन काढला आणि गाडीकडे एकदा नीट पाहून घेतलं. टॉर्कशेठ म्हणाले, "टॉर्कसुद्धा चांगलाय हो." त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. मी उतरले ती सरळ भावजींसमोर जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांची उत्तरं जिभेवर होती. पण मला इतका आनंद झाला होता की एकही आठवेना.

"काढला हो भावजी," मी म्हणाले. "तुम्ही आठवण केलीत, म्हणून काढला."

घरी सासूबाई दोरी हातात घेऊनच बसल्या होत्या. निकाल ऐकून त्यांनी ती गुंडाळली, ओल्या फडक्याने ब्याण्णव पुसून चौऱ्याण्णव लिहिलं, आणि दोनशेकडे बोट दाखवून लेकाला विचारलं, "आणि तुझे बाकीचे कुठे चरायला गेलेत?"

दुसऱ्या दिवशी रविवार. चहा झाला, पण घोड्यांचा विषय कोणी काढेना. मी शेडमध्ये अवजारं पुसत होते, दाराशी सावली पडली. भावजी होते. त्यांनी मागे वळून टॉर्कशेठ लांब आहेत याची खात्री करून घेतली आणि आवाज अगदी खाली आणला.

"वहिनी, एक विचारायचं होतं. माझ्या गाडीत ते राहिलेले घोडे... तुम्ही जरा बघाल का?"

मी हातातला पाना टेबलावर ठेवला. माझी गाडी बाहेर काढली, उन्हात उभी केली, आणि शेडची दोन्ही दारं सताड उघडली.

"आणा आत," मी म्हणाले. "आधी हँडब्रेक काढा."