वळणावरची एक वीत

दर रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सतरा नंबरची बस फुलांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर वळायची. वळण संपतं तिथे, त्याच बाजूच्या फुटपाथवर, एक माणूस गुडघे टेकून तिचा फोटो काढायचा. हे नऊ वर्षं चालू होतं. माणूस चोपन्न वर्षांचा, पेशाने दातांच्या कवळ्या बनवणारा. आठवडाभर तो दुसऱ्यांच्या दातांवर केसाच्या जाडीएवढी कानस फिरवायचा आणि रविवारी बसच्या मागे लागायचा. "दारू नाही, पत्ते नाहीत, बस आहे. चालायचंच," असं त्याची बायको बहिणीला सांगायची. ड्रायव्हर लोकांनी त्याचं नाव गुडघेसाहेब ठेवलं होतं.

बसचे फोटो काढणाऱ्यांचा शहरात चौदा जणांचा गट होता. त्यात गुडघेसाहेबाचा मान मोठा होता आणि त्याला कारण होतं पाटी. बसच्या कपाळावरची पाटी हल्ली बारीक दिव्यांची असते. डोळ्याला ते दिवे सलग पेटलेले दिसतात, पण प्रत्यक्षात त्यांची सतत उघडझाप चालू असते. कॅमेऱ्याने झटकन फोटो घेतला तर निम्मी अक्षरं गायब. सावकाश घेतला तर अक्षरं येतात, पण धावती बस पुसट होते. या लोकांच्या लेखी पाटी वाचता येत नाही तो फोटो फुकट गेला. गुडघेसाहेबाच्या सतरा नंबरच्या फोटोंत मात्र पाटीही पूर्ण असायची आणि बसही स्वच्छ. त्याने एकदा गटाला यावर अर्धा तास माहिती दिली होती. "हात स्थिर हवा आणि श्वास रोखायला हवा. बाकी काही नाही." बाकीच्या तेरा जणांनी श्वास रोखून पाहिला. एकाला चक्कर आली.

एका बुधवारी दुपारी सतरा नंबरची कंडक्टरबाई त्याच्या कामाच्या खोलीत आली. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. ते चुकवत तिने एक कागद पुढे ठेवला.

"बाई, कवळीचं माप डॉक्टर घेतात. मी फक्त..."

"माझे दात शाबूत आहेत. चावायलाच आलेय तुम्हाला. हे वाचा आधी."

कागद डेपोचा होता. गाडीत बसवलेल्या यंत्राने मागच्या तेरा आठवड्यांत अकरा वेळा एकच गोष्ट नोंदवली होती. फुलांच्या दुकानाच्या वळणावर ठरलेला वेग पंचवीस, प्रत्यक्षात दहा. खाली शेरा होता: चालकाचे वय सत्तावन्न, प्रतिसाद मंदावल्याची शक्यता, चाकावरून उतरवून यार्डात काम द्यावे.

"यार्डात म्हणजे?"

"म्हणजे गाड्या धुणाऱ्यांना नळ सोडून द्यायचा आणि संध्याकाळी चाव्या मोजायच्या. एकतीस वर्षं गाडी चालवलीय काकांनी. दहा महिने राहिलेत निवृत्तीला. ते दहा महिने चाव्या मोजायच्या?"

"त्यांनी काय उत्तर दिलं?"

"'वय झालं असेल,' म्हणाले. मी तिथेच उभी होते. वाटलं, ह्यांच्या डोक्यात तिकिटाचं मशीन घालावं." तिने स्टूल ओढलं. "तुम्ही तिथे कायम गुडघे टेकून असता. खड्डा, कुत्रं, काहीतरी दिसलं असेल. एखाद्या फोटोत आलं असेल. शुक्रवारी शेवटची सुनावणी आहे."

 गुडघेसाहेब तारखा वाचत होता. अकराच्या अकरा रविवार होते. तेरा आठवड्यांतले दोन रविवार यादीत नव्हते. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेतलं आणि बोट फिरवलं. एका रविवारी तो भाचीच्या लग्नाला गेला होता. दुसऱ्या रविवारी तापाने पडून होता.

"हे दोन रविवार नाहीत यात."

"नाहीत. त्या दिवशी बरोबर पंचवीसने गेली गाडी."

"त्या दिवशी मी नव्हतो."

 मग त्याला जे आठवलं ते त्याने सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी शेवटच्या थांब्यावर त्याने या ड्रायव्हरला एक फोटो दाखवला होता. पाटीवरची अक्षरं अर्धी होती. ड्रायव्हरने विचारलं होतं, असं का येतं. त्याने समजावलं होतं, आणि शेवटी म्हणाला होता की गाडी हळू असेल तर येईल, पण ते काही आपल्या हातात नाही. ड्रायव्हर "असं होय" म्हणाला आणि चहा प्यायला गेला. पुढच्या रविवारपासून अक्षरं पूर्ण यायला लागली. गुडघेसाहेबाला वाटलं, आपला हात बसला.

"तुमच्यासाठी?" कंडक्टरबाई म्हणाली. "मला दोन वर्षं वाटतंय, काकांचं त्या कोपऱ्यावर कुणीतरी राहतं."

"मला कधी बोलले नाहीत ते."

"ते कुणालाच बोलत नाहीत. फोटोवाल्यांचं नाव सांगितलं तर ऑफिस तुम्हा सगळ्यांना थांब्यांवरून हाकलून देईल, म्हणून गप्प राहिले असणार." ती उठली. "मग आता तुम्ही बोला."

ती गेल्यावर त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

शुक्रवारी तो डेपोत गेला. जाताना त्याला जे नेणं योग्य वाटलं ते त्याने नेलं. त्या ड्रायव्हरच्या दहा-चाळीसच्या फेरीचे सगळे फोटो, दोनशे सत्याऐंशी, छापून. प्रत्येकामागे तारीख, वेळ, गाडीचा नंबर. सोबत सहा पानी यादी. आणि त्याने मॅनेजरला सरळ सांगितलं की हे वय नाही, हा माणूस माझ्यासाठी गाडी हळू करतो.

डेपो मॅनेजर या पदावर येण्याआधी वीस वर्षं स्वतः गाडी चालवत होते. त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली.

"माझ्या यंत्राकडे तीन महिन्यांची नोंद होती," ते म्हणाले. "तुम्ही नऊ वर्षांची आणून दिलीत. माझ्या ऑफिसात एकही कागद इतका नीट नाही. काल ही म्हातारपणाची केस होती. आता दोनशे सत्याऐंशी वेळा जाणूनबुजून मोडलेला नियम आहे."

गुडघेसाहेबाच्या कानापर्यंत रक्त चढलं. दाराशी उभी असलेली कंडक्टरबाई हळूच म्हणाली, "तुम्हाला बोलावलं कुणी?"

"तुम्हीच."

"बोला म्हटलं होतं. गठ्ठा आणा नव्हतं म्हटलं."

ड्रायव्हर खुर्चीच्या कडेवर बसला होता. बारीक अंगाचा, धुतलेल्या शर्टाचा माणूस. या वादाकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याने गठ्ठ्यातला वरचा फोटो उचलला होता आणि तो हातभर लांब धरून बघत होता.

"ही अशी दिसते होय?" तो म्हणाला.

"काय?" मॅनेजर म्हणाले.

"गाडी. वळताना. जरा वाकते, नाही का?" त्याने फोटो जवळ आणला, पुन्हा लांब नेला. "उभी असलेली रोज बघतो. चालताना कुठून बघणार? मी तर आत."

 मॅनेजरांनीही वीस वर्षं चालवली होती आणि आपली गाडी वळताना त्यांनीही कधी बघितली नव्हती. त्यांनी गठ्ठा ओढला, टेबलावरचे फोन, फायली बाजूला सरकवल्या आणि फोटो मांडायला सुरुवात केली. टेबल भरलं तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर, मग जमिनीवर. कंडक्टरबाईने न सांगता पंखा बंद केला.

दहा मिनिटं गेली असतील. मॅनेजर खाली वाकले, एक फोटो उचलला, दुसरा उचलला, ड्रॉवरमधून पट्टी काढली. मग चष्मा काढून डोळे फोटोला भिडवले.

"गुडघेसाहेब, तुम्ही यात काय बघता?"

"पाटी. गाडीची बांधणी. नंबर."

"मागचं चाक बघा. आणि त्याच्याशेजारची फुटपाथची कड."

गुडघेसाहेब जमिनीवर बसला. चाक आणि कडेचा दगड यांच्यामध्ये रस्त्याची एक पट्टी होती. एक वीत. पुढच्या फोटोत बघितलं. एक वीत. त्याच्या पुढचा पावसातला होता, काचेवरचे वायपर अर्ध्यात थांबलेले. एक वीत. जुन्या लाल गाडीचा होता, नव्या लांब गाडीचा होता, दारापर्यंत माणसं भरून एका अंगाला कललेल्या गाडीचा होता. तो गुडघ्यांवर सरकत खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. हे फोटो त्याने काढले होते, छापले होते, शेकडो वेळा पाहिले होते, आणि ही पट्टी त्याला एकदाही दिसली नव्हती.

"बटण कधी दाबायचं ते तुमच्या हातात होतं," मॅनेजर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "चाक कुठून न्यायचं ते तुमच्या हातात नव्हतं. ते चाक यांच्या पाठीमागे चार माणसं एकामागे एक झोपतील इतक्या लांब आहे. बघायला काय, तर हाताएवढा आरसा. नऊ वर्षांत गाड्या चार बदलल्या. प्रत्येक गाडीचं मागचं अंग वेगळं वळतं." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "मी वीस वर्षं चालवली. मला हे जमलं नसतं. असं करतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

"त्यात काय," ड्रायव्हर म्हणाला. "दगड जवळ आला की पायाला कळतं."

 कंडक्टरबाईने भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली.

मॅनेजर खुर्चीत परत बसले. "तरी माझा प्रश्न सुटत नाही. हे सगळं दहाच्या वेगाचं आहे. वरच्या ऑफिसला मला लिहून द्यायचंय की हा माणूस हे वळण पंचवीसने सुरक्षित घेतो. ते मी स्वतः बघितल्याशिवाय लिहिणार नाही. रविवारी मी कोपऱ्यावर उभा राहतो. साहेबही तिथेच असतील, गुडघे टेकून, नेहमीसारखे. गाडी ठरल्या वेगाने न्यायची. वेग पडला किंवा चाक दगडाला लागलं, तर सोमवारपासून यार्ड."

"हो," ड्रायव्हर म्हणाला. उठताना तो गुडघेसाहेबाकडे वळला. चेहऱ्यावर खरी अडचण होती. "पण साहेब, मग तुमची पाटी येणार नाही."

रविवारी साडेदहाला मॅनेजर इस्त्रीची पँट घालून कोपऱ्यावर हजर होते. त्यांच्या हातातल्या फोनवर यंत्राचा वेग दिसत होता. फुलवाल्याने नेहमीप्रमाणे दुकानापुढची जागा धुऊन उरलेलं पाणी रस्त्यावर ओतलं होतं. गुडघेसाहेब आपल्या जागी बसला. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, काढला, पुन्हा लावला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला रोखायला श्वास सापडत नव्हता.

"सत्तावीस," मॅनेजर पुटपुटले. "सव्वीस."

बस रस्त्याच्या टोकाला दिसली आणि त्याला वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधी वळणाशी आली. ही गाडी इतकी मोठी आहे हे त्याला आजवर जाणवलं नव्हतं. एवढं लांबलचक घर, आत चाळीस-पन्नास माणसं, कुणी पेपर वाचतंय, कुणी डुलक्या घेतंय, आणि ते सगळं कोपऱ्याभोवती फिरायला लागलं. पुढचा भाग त्याच्या डोक्यावरून गेल्यासारखा गेला. काचेआड ड्रायव्हर क्षणभर दिसला. दोन्ही हात चाकावर, मान आरशाकडे किंचित कललेली, चेहरा एखादा माणूस घरातल्या घरात काहीतरी शोधतो तसा. मग मधली खिडक्यांची रांग. मग मागचं चाक आलं. त्याच्या खांद्याएवढं उंच चाक, काळं, ओलं, दगडाच्या दिशेने आत आत येत होतं. लागणार, असं त्याला वाटलं. चाक दगडाला समांतर झालं, तसंच राहिलं आणि निघून गेलं. बसमधल्या एकानेही पेपरातून मान वर केली नाही.

"पंचवीस," मॅनेजर म्हणाले. "शेवटपर्यंत पंचवीस."

मग त्यांनी विचारलं, "आला का फोटो?"

गुडघेसाहेबाने कॅमेऱ्याकडे पाहिलं. "दाबलंच नाही बटण."

"का?"

"बघत होतो."

मॅनेजर फुटपाथवरून खाली उतरले. सांडलेल्या पाण्यातून गेलेल्या मागच्या चाकाचा ओला पट्टा दगडाच्या कडेकडेने वळत गेला होता, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. ते उकिडवे बसले, पँटची पर्वा न करता, आणि पट्टा आणि दगड यांच्यामध्ये त्यांनी आपला पंजा पसरून ठेवला. अंगठा दगडाला टेकला. करंगळी ओल्याला.

ते तसेच बसून राहिले. मागून एक सायकलवाला आला आणि काय हरवलं म्हणून थांबला.

"गुडघेसाहेब, याचा काढा," मॅनेजर हात न हलवता म्हणाले. "उद्याच्या कागदाला जोडायचाय. लवकर, वाळतंय."

गुडघेसाहेब रस्त्यात उतरला आणि त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला.