उंबऱ्याबाहेरचं खाकरणं

चौथीच्या वर्गात धिंगाणा चालला होता आणि तो खुद्द राजेश्वरीबाईंनीच लावून दिला होता. साईराजला टेबलावर पाय सोडून बसवलं, गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच मारलं. पाय टुणकन उडाला.

“बाई, म्या न्हाई हलवला! आपसूक उडाला!”

“तेच तर! असल्या वेळी शरीर मेंदूला विचारत बसत नाही. निरोप पाठीच्या कण्यातूनच माघारी फिरतो. तव्याला बोट लागल्यावर विचार करत बसलात तर बोट भाजेल ना?”

मग डोळ्यांसमोर टाळ्या वाजवून झाल्या. पापणी मिटणार नाही अशी पैज साईराजने मारली आणि तो हरला. “हरला! हरला!” वर्गाने छत डोक्यावर घेतलं.

आज राजेश्वरी खुशीत होती. संस्थेने तिला शिरवळच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं, दुपारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. नवरा सैन्यात. तो फोनवर म्हणाला, “आबा म्हणतील तसं कर.” आबांचं, म्हणजे सासरे हिंदुरावांचं म्हणणं ठरलेलं होतं: सून परगावी खोली करून राहणार नाही. सकाळी भाकऱ्या थापताना ‘नाही मामंजी, मी जाणार’ हे तिने इतकं घोकलं होतं की एक भाकरी करपली.

“बाई,” राजनंदिनीने विचारलं, “तुमी वर्गात आला की आमी उठतो, ते पण आपसूक?”

“ती सवय. कुणीतरी लावलेली. मनावर घेतलं तर मोडता येते.”

एवढ्यात व्हरांड्यात कुणीतरी खाकरलं.

हिंदुराव घरीही असेच उंबऱ्याबाहेर खाकरत. आतल्या बायकांना पदर सावरायला सवड मिळावी, ही त्या घरची रीत. राजेश्वरी ताडकन उभी राहिली, हात पदराकडे गेला. पदर खांद्याला पिनेने टाचलेला होता, तो टर्रकन फाटला. तरी तिने तो डोक्यावर घेतलाच.

सासरे दारात उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, तेच तर अवघड होतं. सुनेला ताप आला तर रात्रभर जागणारा माणूस.

“सूनबाई, हेडमास्तरास्नी सांगून आलोय, तू काय शिरवळला जात न्हाईस. बराबर हाय न्हवं?”

“व्हय, मामंजी.”

तोंडातून गेलंसुद्धा. हिंदुराव समाधानाने मान हलवून निघून गेले.

राजनंदिनी हळूच म्हणाली, “बाई, हे पाय उडाल्यागत झालं, का आमी उठतो त्यागत?”

राजेश्वरीला रडू आलं, स्वतःचा भयंकर राग आला. ती खुर्चीत बसली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला.

“तुम्ही उठता तसं,” ती म्हणाली. अजून दुपार व्हायची होती. तास संपला की हेडमास्तरांकडे जाऊन सांगायचं, मी जाणार. बस्स.

तेवढ्यात व्हरांड्यात वहाणा करकरल्या. मामंजी बहुतेक छत्री विसरले असावेत. दाराबाहेर पुन्हा तेच खाकरणं.

तिने दोन्ही हात मांडीत घट्ट आवळून धरले. या खेपेला पदराला हात लावायचा नाही. हात हलले नाहीत, एवढासुद्धा नाही. आपल्याला जमलं, असं तिला वाटलं.

“बाई, तुमी हरला!” साईराज आनंदाने ओरडला. “उठला की तुमी!”