चैती आत आहे

उमेशने बटण दाबलं. पंखा घुरघुरला आणि कॉम्प्युटरची पेटी पुन्हा तशीच ओरडली, एक लांब शिट्टी, मागोमाग दोन आखूड. पडद्यावर काळोख तो काळोखच.

स्टुलावर बसलेली कोंडी पुढे झुकली. वांगणीहून ती उजाडता निघाली होती. वाटेत जीप मिळाली तिथे जीप, नाही तिथे पाय. लुगड्यातून निथळलेलं पाणी स्टुलाखाली साचलं होतं.

"दिसंल ना, दादा?"

"बघतो, बाय."

हे 'बघतो' तो सकाळपासून म्हणत होता. जव्हारच्या बाजारपेठेत उमेशचा एवढासा फोटो स्टुडिओ. मागच्या थंडीत तो आश्रमशाळेत ओळखपत्रांचे फोटो काढायला गेला होता. पोरं कॅमेऱ्यासमोर खांबासारखी ताठ बसायची. कोंडीची चैती मात्र नेमकी बटण दाबताना हसली. हसरा फोटो ओळखपत्राला चालायचा नाही, म्हणून त्याने दुसरा काढला, गंभीर. वैशाखात चैतीला ताप आला आणि ती गेली. कपडे, बांगड्या, पाटी, जे जे तिचं ते सगळं तिच्यासोबत द्यायची रीत. गळ्यातलं ओळखपत्रही तिच्यासोबतच गेलं. हसरा फोटो तेवढा उमेशच्या कॉम्प्युटरमध्ये राहिला. बाजारात कोंडी भेटली तेव्हा त्यानेच सांगितलं होतं, ये कधीही, दाखवतो.

लावणी आटोपून कोंडी आली. उद्या नवऱ्याबरोबर वसईला बांधकामावर जायचं होतं, ते थेट भातकापणीला परत.

पण आठवडाभर श्रावणाची ओल भिंतींतून पाझरत होती. आधी पडद्यावरच्या चेहऱ्यांवर हिरव्या रेघा आल्या, मग सगळंच विझलं. नाशिकच्या मेकॅनिकने फोनवर सांगितलं, ग्राफिक्स कार्ड काढ, त्याचे पिवळे दात खोडरबराने घास, परत बसव. उमेशने घासलं. नाही जमलं तर पेटी घेऊन ये, असंही तो म्हणाला होता. पण घाटात दरड आली होती. गावात दुसरा कॉम्प्युटर कचेरीत, त्याला हात लावायला साहेबांची परवानगी हवी, आणि साहेब रजेवर.

काल उमेश ते कार्ड रुमालात गुंडाळून साखरशेतला घरी घेऊन गेला होता. ओल लागलीय याला, एवढंच तो आईला, हिराबाईला म्हणाला. हिराबाईने जन्मभर पावसाळ्यात जे केलं तेच केलं. तो झोपल्यावर चुलीवर टांगलेल्या कारवीच्या काड्यांच्या ताटीवर, नागलीच्या बियाण्याशेजारी, कार्ड हळूच ठेवून दिलं. सकाळी त्याच्यावरचा इवला पंखा मेणासारखा कलला होता आणि धुराचा वास येत होता.

"बियाना कसा खडखडीत सुकला बघ," हिराबाई म्हणाली होती. "तुझाबी सुकला असंल."

त्याने कार्ड परत रुमालात गुंडाळलं आणि स्टुडिओत आणलं.

"बाय, फोटो आत आहे," त्याने आता कोंडीला समजावलं. "जसाच्या तसा. पडद्यावर आणणारं जे आहे ना, ते बिघडलंय."

कोंडीने पेटीकडे पाहिलं. "म्हंजे ती हाय. मनाच दिसत नाय."

"हो."

"डोलं मना ठावं हायेत," ती हळू म्हणाली. "रोज दिसतात. तिचा हसू नाय आठवत. हसताना तोंड कसा व्हायचा, किती आठवला तरी नाय येत. कापनीपातूर काय ऱ्हाईल माझ्या ध्यानात?"

उमेशने पेटीचं झाकण पुन्हा उघडलं. कार्ड बोटाने घट्ट दाबून धरलं, दुसऱ्या हाताने बटण दाबलं. शिट्टी आली नाही. पडदा उजळला. रेघा होत्या, पण उजळला. कार्ड तापू लागलं, बोट भाजू लागलं. तरी त्याने ते हलवलं नाही. डाव्या हाताने माऊस सरकवत त्याने चैतीचा फोटो उघडला.

म्हातारा कॉम्प्युटर चित्र वरून खाली उलगडायचा, चटईची गुंडाळी सोडावी तसा. आधी तेल लावून चोपलेले केस आले. मग लाल रिबिनीचं टोक. कपाळ. भुवया. मग डोळे, दोन्ही, हसण्याने बारीक झालेले.

कोंडीचा हात आपोआप पुढे गेला.

नाकाच्या शेंड्यापाशी चित्र थरथरलं, रेघा झाली आणि विझलं. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. उमेशने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. आता शिट्टीसुद्धा नव्हती.

कोंडीने काचेवर तळवा टेकला. काच बारीक चुरचुरली.

"गरम हाय," ती म्हणाली.

"दरड निघाली की पेटी नाशिकला नेतो. मोठा फोटो काढून ठेवतो, बाय. तू कापणीला ये." बोलताना त्याला स्वतःचाच आवाज पोकळ वाटला. बाजारातही तो असंच बोलला होता.

तिने मान हलवली. दाराशी जाऊन टोपलं उचललं आणि वळली.

"तवर आत ओल नाय ना लागायची तिला?"

कॅमेऱ्याच्या भिंगांवर बुरशी धरू नये म्हणून पावसाळाभर कपाटात एक पिवळा बल्ब जळत असे. उमेशने कपाट उघडलं, वायर ओढून बल्ब बाहेर काढला आणि पेटीला टेकवून ठेवला. कपाटात अंधार झाला.

कोंडीने थोडा वेळ त्या उजेडाकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"इजू देऊ नको हां, दादा," म्हणाली, आणि जीप गाठायला पावसात उतरली.